उन्हाळ्यात शाळेला कुलूप कशाला?

सुट्टीत मुलांना गुंतवून कसे ठेवायचे, हा प्रश्न एप्रिल उजाडताच घरोघर पडतो. पण त्याचे रुळलेले उत्तर शहरी पालकाच्या खिशाकडे बघून तयार झाले आहे. पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचे शिबिर, संस्कार वर्ग. परभणी शहरात हे थोडेफार मिळते. जिंतूर, पालम, गंगाखेड, सोनपेठ या तालुक्यांतल्या गावांचा मे महिना मात्र वेगळा असतो. पारा ४३-४४ अंशांवर जातो, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे खरिपाच्या तयारीला लागतात, लग्नसराई भरात असते. मोठ्यांना मुलांकडे बघायला सर्वांत कमी सवड असते ती याच दिवसांत, आणि मुलांच्या हक्काची गावातली सार्वजनिक जागा, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, दीड महिना कुलूपबंद असते तीही याच दिवसांत. सुट्टी शिकवण्याला असावी. जागेला असण्याचे कारण नाही.

रिकामी दुपार सगळ्या मुलांना सारखी लाभत नाही. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावण्याची मुभा ठेवली. म्हणजे कायद्याच्या लेखीही सुट्टी हा राबण्याचा हंगाम ठरू शकतो. धसकटे वेचण्यात, शेळ्या राखण्यात, धाकटे भावंड सांभाळण्यात गैर काही नाही. त्याखेरीज दुसरे काहीच वाट्याला न येणे गैर आहे. मुलींचे तर त्याहून अवघड. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. ऐन लग्नसराईत तेरा-चौदा वर्षांची मुलगी कोणत्याच हजेरीपटावर नसते. रोज सकाळी तिची वाट बघणारी, ती आली नाही तर चौकशी करणारी एखादी जागा असली, म्हणून बालविवाह थांबतील असे नाही. पण ते गुपचूप उरकणे तितके सोपे राहणार नाही. सुट्टीत सरकारची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्वही नवे नव्हे. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच दिला होता. जे अन्नाला लागू, ते सावलीला, पुस्तकाला आणि सोबतीला का लागू नसावे?

या विचाराला आपल्याकडे परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जिथे आणि ज्या वेळी मोकळे सापडेल तिथे आपण जायचे, हे त्यामागचे सूत्र. परभणीच्या उन्हाळ्यात ती वेळ सकाळी सात ते दहा. शाळेचा व्हरांडा, पिण्याचे पाणी, उघडे पुस्तकांचे कपाट आणि एक जबाबदार मोठे माणूस एवढे पुरे. कामही गावातच सापडते. पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासायची असते: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने अंकुर मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. सातवीतली मुले हे सहज करतील, शेकडेवारी शिकतील, आणि त्यांचे उत्तर घरात खरोखर उपयोगी पडेल.

यावर पहिला आक्षेप असा, की सुट्टीत तरी मुलांना मोकळे सोडा. तो रास्त आहे. म्हणूनच इथे घंटा, गृहपाठ, परीक्षा नको. सागरगोटे खेळत बसणाऱ्यांनाही तीच सावली मिळावी. पण मोबाइलपुढे सरलेली किंवा विहिरीवर एकट्याने काढलेली दुपार म्हणजे मोकळीक नव्हे. शिक्षकांची रजा हा दुसरा आक्षेप. तिला हात लावायची गरज नाही. शाळापूर्व तयारीसाठी २०२२ पासून माता गट बनवले गेले, सुट्टीला घरी आलेली महाविद्यालयीन मुले असतात. त्यांच्या मानधनाला ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखायच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांतून वाट काढता येईल. तिसरा आक्षेप, देवळाचा सभामंडप असताना शाळाच कशाला? कारण सभामंडपात प्रत्येक वस्तीतले मूल सारख्याच मोकळेपणाने बसेल याची खात्री नसते. शाळेवर मात्र सगळ्यांचा हक्क समान आहे. शाळेचे पत्रे तापत असतील, तर अंगणातल्या लिंबाखाली बसावे.

सामानाची मोडतोड होईल, किल्ली कुणी सांभाळायची, हा प्रश्न खरा आहे, पण तो शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाने सुटण्यासारखा आहे. तो ठराव एप्रिलच्या बैठकीत व्हायला हवा. मे उजाडल्यावर तो करायला गावात कुणाला सवड नसते.