परक्याचा जयघोष

जपानांत व्यावसायिक बेसबॉल पाहावयास गेलेल्या परदेशी रहिवाशाचा पक्ष बहुधा त्याचें आसनच ठरवितें. ज्या संघाच्या पाठीराख्यांत तो बसतो, त्याच्या प्रत्येक फलंदाजाचें ठराविक गाणें तोही गाऊं लागतो. निष्ठा उसनी खरी; पण तिनें तो त्यांचा होतो काय? कागद निराळेंच सांगतो. सदाहारु ओ टोकियोंत जन्मला. तरी जपानी नागरिक नाहीं म्हणून १९५७ सालीं त्यास राष्ट्रीय क्रीडामहोत्सवांत खेळतां आलें नाहीं. १९७७ सालीं ७५६ वा होमरन मारून त्यानें हँक आरनचा विक्रम मोडतांच सरकारच्या नव्या लोकसन्मान पुरस्काराचा पहिला मानकरी तोच ठरला. नागरिकत्व तेंच होतें! पराक्रमाला परकेपण माफ असतें, यांत औदार्य कसलें? बांकावरील परक्याकडून मात्र कोणास कांहींच मिळावयाचें नसतें. तरी गाण्यांत तो अडखळला, कीं शेजारचा एखादा वृद्ध हळूच पुढचा शब्द पुरवितो.