दूरच्या नगराशी बहीणपण

शेजारी कोणास म्हणावे? ज्याची भिंत आपल्या भिंतीस लागून आहे त्यासच की काय? इंग्लंडातील कॉव्हेंट्री हे नगर 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी जाळले. 500 हून अधिक माणसे मेली. पुढे रशियातील स्टालिनग्राड युद्धात उद्ध्वस्त झाले, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या 830 स्त्रियांनी मेजावरील एका वस्त्रावर आपापली नावे भरून ते तिकडे पाठविले. 1944 साली ती दोन नगरे भगिनी झाली. 1959 साली कॉव्हेंट्रीने जर्मनांच्या ड्रेस्डेन नगराशीही, जे 1945 साली ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जाळले होते, तेच नाते जोडले.

आता कठीण प्रश्न असा. स्टालिनग्राडास आज व्होल्गोग्राड म्हणतात. 2022 साली रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केली, तेव्हा कॉव्हेंट्रीने हे जुने नाते स्थगित केले. हे उचित झाले काय?

स्वारी करणाऱ्या सत्तेच्या अधिकाऱ्यांचा सत्कार करणे म्हणजे अन्यायास मूक संमती देणे होय; म्हणून तो थांबविणे रास्तच. परंतु ती 830 नावे अधिकाऱ्यांसाठी नव्हे, तर शोक करणाऱ्या घरांसाठी भरली होती. बांधावरून दोन घरांत वैर जुंपले आणि लेकीबाळींचे बोलणेही तुटले, तर समेटाचा निरोप कोणी न्यावा? याकरिता सत्कार थांबवावा, पण नावे उसवू नयेत.