निजलेल्याचा गुन्हा

पहाटेच्या अंधारात गोधडीचा ओला गारवा अंगाला लागून ज्याला जाग येते, आणि कोणाला हाक मारण्याचा धीर न होता, आपल्याच अंगाच्या उबेने ती ओल उजाडेपर्यंत वाळेल या आशेवर जो तसाच निपचित पडून राहतो, त्या सहासात वर्षांच्या मुलाची कैफियत धर्मविचाराने कधी ऐकून घेतली आहे काय, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडत आलेला आहे.

शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांची गणना करताना या व्याधीस ‘शय्यामूत्र’ असे नाव दिले आहे. या समासात शय्या आहे, मूत्र आहे. करणारा मात्र कोठेही नाही. घरात आपण ‘याने अंथरूण ओले केले’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका तृतीया विभक्तीने निजलेल्या मुलाला कर्ता ठरवतो, आणि कर्ता ठरला की तो आरोपी ठरण्यास विलंब लागत नाही. पुढे भावंडांनी ‘मुतऱ्या’ म्हणून हाक मारली म्हणजे रात्री घडलेली गोष्ट दिवसा त्याचे नावच होऊन बसते.

सुषुप्तीत, म्हणजे गाढ झोपेत, कसलीही कामना नसते आणि कसलेही स्वप्न नसते, असे माण्डूक्योपनिषद सांगते. जेथे कामना नाही तेथे संकल्प नाही. आणि संकल्पावाचून पाप घडते असे मानले, तर ईश्वराच्या न्यायाला अर्थच उरत नाही.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नव्हे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात लिहिले आहे, की आठव्या वर्षी निवासी शाळेत असता अंथरूण ओले होऊ नये म्हणून तो रोज रात्री कळवळून प्रार्थना करी, तरीही ते ओले होई आणि त्याला छडीचा मार बसे. आणि त्या मारातून तो एवढेच शिकला, की पाप हे आपण करतोच असे नाही, ते आपल्यावर ओढवूही शकते. लहान मुलाला याहून भयंकर धर्मशिक्षण कोणते देता येईल?

आपल्या परंपरेने या शिकवणुकीचा निकाल फार पूर्वी लावलेला आहे. महाभारताच्या आदिपर्वातील माण्डव्य ऋषींना बालपणी कीटकांना काडी टोचल्याबद्दल पुढे सुळाची शिक्षा भोगावी लागली, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष यमधर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्यांस पातक लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. त्या बालकाने तर जागेपणी, स्वतःच्या हाताने कृत्य केले होते. मग निजेत ज्याच्याकडून काही घडले त्याला दोषी धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

वैद्यकाचे म्हणणेही हेच आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरांना ही तक्रार असते, पुष्कळदा ती आईबापांकडूनच वारशाने येते, आणि बहुतेकांची ती वयाबरोबर आपोआप जाते. मारल्याने ती जात नाही.

आमच्या घरी धाकट्या भावाची ओली गोधडी एका वडीलधाऱ्यांनी, त्याला शरम वाटावी म्हणून, मुद्दाम पुढच्या अंगणातील दांडीवर टाकली होती. आजी पूजा अर्धी टाकून उठली, ती गोधडी उचलून मागल्या दारी विहिरीवर घेऊन गेली, आणि धुऊन परसात वाळत घातली. ती कोणाला एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशीची तिची पूजा तेथेच पुरी झाली, असे मला आजही वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात न अडवण्याच्या वेगांत मूत्राचा वेग आरंभीच सांगितला आहे, आणि त्याच अध्यायात पुढे अडवण्याचे वेग सांगितले आहेत : मनाचा क्रोध, वाणीचा कठोर शब्द, आणि परपीडेसाठी उठणारी देहाची प्रवृत्ती. मुलाचा वेग सुटतो तो निजेत. त्याच्यावर ओरडणाऱ्या, हात उगारणाऱ्या वडिलांचे हे तिन्ही वेग सुटतात ते पूर्ण जागेपणी. त्या घरात त्या सकाळी पाप घडलेच असेल, तर ते अंथरुणात घडलेले नाही.