आवडीचा वाद

चित्रपटगृहांतून बाहेर पडणारी मंडळी जिना उतरतां उतरतांच भांडूं लागते, हें दृश्य कोणास अपरिचित आहे? एकास चित्रपट उत्तम वाटतो, दुसऱ्यास तोच टाकाऊ वाटतो. आणि वाद रंगांत आला कीं तिसरा कोणी शहाणा "आवड ज्याची त्याची" असें म्हणून त्यावर पडदा टाकतो. हें वाक्य वरवर मोठें उदार दिसतें. परंतु तें खरोखरच उदार आहे काय, याचा विचार करणें अवश्य आहे.

चहांत साखर किती असावी, यावर कोणी हिरिरीनें वाद घालीत नाहीं. आपणांस कमी गोड चहा आवडतो, एवढें सांगितलें कीं विषय संपतो. चित्रपटाविषयीं मात्र तेवढ्यानें आपलें समाधान होत नाहीं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत हा भेद स्पष्ट केला आहे. जें केवळ सुखावह असतें त्याविषयीं आपण आपल्यापुरतेंच बोलतों. पण एखाद्या वस्तूस सुंदर म्हणतांना इतरांनींही तसें म्हणावें, अशी आपली अपेक्षा असते.

ही अपेक्षा सिद्ध कशी करावयाची? ह्यूम यानें १७५७ सालच्या रुचिविषयक निबंधांत सर्व्हांटिसच्या 'डॉन क्विक्झोट'मधील एक गोष्ट सांगितली आहे. दोघां रसज्ञांनीं एका पिंपांतील मद्य चाखलें. मद्य चांगलें आहे, पण त्यास किंचित् चामड्याची चव आहे, असें एक म्हणाला. दुसऱ्यास लोखंडाची चव लागली. लोक दोघांसही हंसले. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याचा बंद असलेली एक जुनी किल्ली सांपडली. वादाचा निकाल देणारी वस्तु पिंपांतच होती.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ सालीं प्रदर्शित झाला, तेव्हां अशाच वादांना ऊत आला होता. गाण्यांवर प्रेक्षक चित्रपटगृहांत नाचले, एवढ्यावरून कित्येक सुशिक्षितांनीं तो हलका ठरविला. ज्याला एवढी गर्दी लोटते तें उत्तमच असलें पाहिजे, असें दुसरा पक्ष म्हणे. दोघेही पिंपाकडे न पाहतां पिणाऱ्यांकडे पाहत होते. आर्ची आणि परश्या यांच्या प्रेमाचा पूर्वार्ध संगीतानें ओतप्रोत भरलेला आहे. शेवटीं मात्र त्यांचें लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनीं चालत जातें, आणि सारा आवाज थांबतो. ज्या गाण्यांवर आपण ताल धरला, तीं तेथें नसल्यामुळेंच ही शांतता असह्य होते. आमच्या मतें या चित्रपटांतील किल्ली ही होय. ती दाखविल्यावरही कोणी म्हणेल कीं पूर्वार्ध फार लांबला आहे. खुशाल म्हणावें, निदान आतां तो चित्रपटाविषयीं बोलत आहे.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. जातीबाहेर प्रेम केल्याबद्दल जीव जाण्याची भीति ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांस हा चित्रपट आपला वाटला. त्यांच्यासमोर "आवड ज्याची त्याची" म्हणणें म्हणजे त्यांच्या अनुभवास चहांतील साखरेच्या पंक्तीस बसविणें होय. उलट, त्यांना वाईट वाटेल म्हणून खोटी वाहवा करणें हाही अपमानच. कारण मग आपण त्यांना वाद घालण्याच्या योग्यतेचे समजत नाहीं, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून आपल्या घरांतील मुलें एखाद्या नव्या चित्रपटावरून भांडूं लागलीं, तर वडिलांनीं मध्यें पडून तो वाद मिटवूं नये. "बाबा रे, हें तुला कोठें दिसलें?" एवढेंच विचारावें, आणि तें ठिकाण पुन्हां एकवार पाहण्याची तयारी स्वतःही ठेवावी. तसें पाहिल्यावर मत बदलेल किंवा बदलणार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या आवडीचा खरा आदर या तयारींतच आहे.