काटकसर कुणाला परवडते?

मागच्या महिन्यात आपल्याच ग्रुपवर 'घरखर्च वाचवण्याच्या युक्त्या' फिरल्या. वर्षाचे गहू चैत्रात भरा, तेलाचा डबाच घ्या, फी एकदम भरा. आपण सगळ्यांनी त्या पुढे पाठवल्या. आमच्यापैकी एका घरी तो मेसेज भांडी घासायला येणाऱ्या बाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या नि म्हणाल्या, "दीदी, एक साथ लेने का पैसा कहाँ है? और रखूँगी कहाँ?"

आम्ही गप्प झालो. मग हिशेब मांडला. समजा, मंडीत गहू २८ रुपये किलो आणि दुकानात सुटा ३४. चार क्विंटल घेतले तर २,४०० रुपये वाचतात. पण त्यासाठी ११,२०० रुपये एकरकमी हवेत. शिवाय कोठी हवी, कोरडी खोली हवी, वाळवायला गच्ची हवी, आणायला गाडी हवी. निवडायला एक दिवस हवा, आणि त्यांचा एक दिवस म्हणजे पगारात कपात. गळक्या भाड्याच्या खोलीत पोत्याला कीड लागली की सगळेच गेले. म्हणून त्या सुटे घेतात आणि आपल्यापेक्षा महाग खातात. वर आपण म्हणतो, 'या लोकांना नियोजनच नाही!'

आपली काटकसर खोटी नाही. पण तिच्यामागे वडिलांनी बांधलेले घर आणि दर महिन्याचा पगार उभा आहे. त्याचे श्रेय आपण आपल्या गुणाला देतो, इथेच अहंकार शिरतो.

तुकाराम महाराजांचे घराणे देहूचे महाजन. १६३०च्या सुमारास दुष्काळाने घर होरपळले. परंपरा सांगते, त्यांनी कर्जखतांतली अर्धी भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. उपदेशाच्या आधी लोकांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले.

युक्त्या पाठवूच नयेत असे नाही. पण आधी विचारू या: हे करायला काय काय लागते, आणि त्यातले आपण काय देऊ शकतो? आमच्या काही घरांनी ठरवले आहे, की पुढच्या चैत्रात बाईंचे गहूही आपल्याबरोबर मंडीच्या भावाने आणायचे, आपल्या कोठीत ठेवायचे. पैसे त्यांनी जमेल तसे द्यायचे. व्याज नाही, उपकाराची भाषा नाही. उद्या काम सोडले तरी गहू त्यांचेच.

तुमच्या घरी काय ठरते, ते गुरुवारी नक्की कळवा.

— धामनोद परिवार