हाकेला ओ

गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका ऊस परिसंवादात एका वक्त्याने ठासून सांगितलं, "आता शेतकऱ्याला बांधावर जायची गरजच नाही." संदर्भ होता बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या प्रयोगाचा. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेतला गेला. जमिनीतले सेन्सर ओल सांगतात, उपग्रह पिकाची तब्येत टिपतो आणि पाणी कधी, किती द्यायचं याचा निरोप मोबाईलवर येतो. २०२५ मध्ये सत्या नडेला यांनी जगापुढे या उसाचं कौतुक केलं. माझंही त्या उसाशी भांडण नाही. पाणी वाचतंय, तेवढं वाचलंच पाहिजे. माझं भांडण आहे ते 'गरजच नाही' या शब्दांशी.

मी उठून माझ्या चुलत्यांची, नानांची गोष्ट सांगितली. नीरा डावा कालवा आमच्याकडे १८८५ पासून वाहतोय. शेजपाळीत रात्रीची पाळी आली की एक माणूस दारं धरायचा, दुसरा सरीच्या शेवटाला उभा. अंधारात "भरलीऽऽ" अशी हाक यायची, मग खोऱ्याने दार मोडून पाणी पुढच्या सरीला. अशाच एका रात्री नानांना घोणस चावली. त्यांनी हाक मारली ती ऐकली पलीकडच्या रानातल्या माणसाने, ज्याच्याशी बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्याने नानांना पाठीवर घेऊन रस्ता गाठला आणि एम-एटीवर बसवून बारामतीला नेलं. नाना वाचले.

सभेतला एक तरुण शांतपणे म्हणाला, "ठिबक आणि मोटरला मोबाईल स्टार्टर असता तर नाना त्या रात्री घरात झोपले असते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. रात्रीच्या विजेसाठी साप आणि बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला गेलेल्यांच्या घरी मी बसलो आहे. ते जाणं टळत असेल तर बांधावरच्या माणसाचा सोहळा करण्याचा अधिकार मला नाही. तो तरुण बरोबर होता आणि मी सभेत चुकीच्या गोष्टीसाठी भांडत होतो. बांध सुटला तरी चालेल. बांधावर मिळणारी ओ सुटते आहे, तिचं काय?

हे मला उमगलं ते कवी मोरोपंतांमुळे. पंत पन्हाळ्याहून आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले. १७९४ मध्ये इथेच गेले. त्यांना यमकांचे कारागीर म्हणून बाजूला सारणारे आजही भेटतात. अशांनी 'केकावली' एकदा एका बैठकीत वाचावी. केका म्हणजे मोराची साद, आणि पंत स्वतःला मयूर म्हणवत. सबंध काव्य म्हणजे देवाला मारलेली हाक. पंत विनवतात, युक्तिवाद करतात, जुने दाखले काढून देवाला धारेवर धरतात. याला कुणी भक्तीतली लाडीगोडी म्हणेल. मला त्यात हक्क ऐकू येतो. ज्याला हाक मारली तो तिने बांधला जातो, मग त्याची इच्छा असो वा नसो. त्याने ओ दिली नाही तर त्याच्यावर रुसता येतं. नानांच्या वैऱ्यालाही त्या रात्री हाक टाळता आली नाही, आणि टाळली असती तर गावाने जन्मभर विचारलं असतं. सेन्सर चुकला तर तो बदलतात. त्याच्यावर कुणी रुसत नाही, कारण तो कुणाला ओ देणं लागत नाही.

आमची आत्या भवानीनगरजवळच्या वस्तीवर एकटी राहते. मुलगा बंगळूरला असतो. त्याने मायेने ओसरीवर कॅमेरा बसवला आहे आणि त्यातून त्याचा आवाजही येतो. पहिल्यांदा तो बोलला तेव्हा आत्याने भिंतीकडे बघून पदर डोक्यावर घेतला होता. श्रावणात ती परसात, धुण्याच्या दगडापाशी पडली. खुबा मोडला. ओसरी रिकामी दिसली म्हणून मुलाने फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. फोन आत खाटेवर वाजत राहिला. शेळ्या घेऊन निघालेल्या बाईने कुंपणाबाहेरून आवाज ऐकला आणि ती आत धावली.

दवाखान्यात मी आत्याला विचारलं, "फोन वाजत होता तेव्हा तू काय करत होतीस?"

"ओ देत होते की," ती म्हणाली.