सहन कर, हे कोणी कोणाला सांगायचं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15.

या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, पंधराव्यात वाणीचं आणि सोळाव्यात मनाचं. वाणीच्या तपाच्या खुणा अशा: बोलण्याने समोरच्याच्या मनाला उद्वेग होऊ नये, ते खरं असावं, गोड असावं आणि त्याच्या हिताचं असावं. सोबत नित्य स्वाध्याय.

ऑफिसात आपण यातली एकच खूण उचलतो, 'खरं'. "मी स्पष्टवक्ता आहे, तोंडावर बोलतो" म्हटलं की बाकीच्या तीन माफ! पण श्लोकात पर्याय दिलेले नाहीत, चारही खुणा एकत्र हव्यात. आज हे वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. ती टाळून पुढचं लिहिलं तर ते चिंतन खोटं होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये नांदेडकडचा एक मुलगा आला. फ्रेशर. कोड नीटनेटका, स्वभाव शांत, इंग्रजी बोलताना जरा अडखळायचा. आमचा लीड रोजच्या स्टँडअपमध्ये त्याच्या उच्चारांची नक्कल करायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. मीटिंगचं इन्व्हाइट सगळ्यांना, त्याला सोडून. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम द्यायचं आणि सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर विचारायचं, "अजून झालं नाही?" त्याच्या कोडवर शेरा काय, तर 'हे कोणी शिकवलं तुला?' नक्की काय चुकलंय ते मात्र लिहायचं नाही.

यातली एकेक गोष्ट वेगळी काढली तर क्षुल्लक वाटते. तक्रार करायला गेलं तर ऐकणारा म्हणेल, "एवढंच ना?" म्हणूनच छळ ओळखता येत नाही. आपण सर्व्हरचे लॉग बघतो तेव्हा एका वॉर्निंगकडे दुर्लक्ष करतो. पण महिन्याभराचे लॉग एकत्र लावले आणि तीच वॉर्निंग रोज त्याच ठिकाणी दिसली, तर तो योगायोग नसतो. हाइन्झ लेमान या स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास केला. त्याने धरलेला निकषसुद्धा वारंवारतेचाच होता: आठवड्यातून किमान एकदा आणि असं किमान सहा महिने. सहा महिने कोणी थांबून मोजत बसावं असं मी म्हणत नाही. पण बघायचं ते एका दिवसाकडे नाही, ओळीने सगळ्या दिवसांकडे, हे त्यातून कळतं.

मग कडक बॉस आणि छळणारा बॉस यात फरक काय? मला तो 'हित' या शब्दात सापडला. कडक माणूस कामाबद्दल बोलतो, सुधारायची वाट दाखवतो आणि सुधारलं की थांबतो. छळणारा माणसाबद्दल बोलतो, वाट दाखवत नाही आणि तुम्ही काहीही केलं तरी थांबत नाही. त्याला प्रेक्षकही लागतात. माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना चालणं, बघणं, बोलणं, हातांची हालचाल इतक्या बारीक गोष्टी घेतल्या आहेत. नजरेनेसुद्धा दुखवू नये! व्हिडिओ कॉलवर तो मुलगा बोलायला लागला की लीड डोळे फिरवायचा, ते मला आता आठवतं.

एकदा कॅन्टीनमध्ये त्याने मला विचारलं, "दादा, माझंच काही चुकतंय का?"

आणि मी त्याला नाथांची गोष्ट सांगितली. पैठणला नाथमहाराज गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ परत जाऊन स्नान करायचे, असं एकशे आठ वेळा झालं तरी त्यांची शांती ढळली नाही, शेवटी तोच माणूस शरमला. "तसं सहन कर रे. सगळ्यांना यातून जावं लागतं."

तो "हो दादा" म्हणाला. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. पुढची नोकरी हातात नव्हती.

मी तेव्हा स्वतःला फार समंजस समजत होतो. आज विचारतो, नाथांना "सहन करा" असं कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ती त्यांची स्वतःची निवड होती. क्षमा करायचा अधिकार ज्याने सोसलं त्याचा. काठावर उभं राहून बघणाऱ्याने ती दुसऱ्याला सुचवली की ती क्षमा उरत नाही, बघणाऱ्याची सोय होते. लीडशी वाकडं घ्यायला नको, माझं अप्रेझल जवळ आलंय, हे माझं खरं कारण होतं. मी त्याला नाथांचं नाव दिलं.

त्याच नाथांची दुसरी गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होतं. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या घरातलं. नाथांनी त्याला तितिक्षेवर प्रवचन दिलं नाही. उचलून कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. स्वतःवर थुंकलं तर शांती, दुसऱ्याच्या पायाला चटके बसले तर धावत जाणं. मी नेमकं उलटं केलं.

महाभारतात द्यूतसभा मोठमोठ्या लोकांनी भरलेली होती. द्रौपदीने सरळ प्रश्न विचारला. भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळलं. विदुर बोलले, आणि कौरवांपैकी बोलला एकटा विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याच्या बोलण्याने वस्त्रहरण थांबलं नाही. तरीही त्या सभेत कोण बसलं होतं हे आठवताना आपण त्याला वेगळं काढतो.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, तक्रार करणं म्हणजे द्वेष करणं नाही का? भक्ताने द्वेष करू नये असं भगवंतच बाराव्या अध्यायात सांगतात. बरोबर. पण ते सांगतात कोणाला? रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाला. द्वेष न करणं आणि गप्प बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या लीडलाही वरून तसंच बोललं जायचं, मी ऐकलंय. ते समजून घ्यावं, मनात विष साठवू नये. पण समजून घेतलं म्हणून ते चालू द्यावं असं होत नाही.

आज कोणी यातून जात असेल तर थोडं व्यवहाराचंही सांगतो. तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं, हे रोज लिहून ठेवा. ईमेल जपून ठेवा. लैंगिक छळासाठी आपल्याकडे 2013 चा कायदा आहे, दहापेक्षा कमी माणसांची जागा सोडली तर प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. बाकीच्या छळासाठी वेगळा असा कायदा नाही, त्यामुळे कंपनीचं धोरण आणि तुमच्या नोंदी यांनाच महत्त्व येतं. झोप उडाली असेल, मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. नामस्मरण करा, आणि फोनही करा. दोन्हींत भांडण नाही.

त्या मुलाला मी नंतर फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, तुम्ही वाईट नव्हता. पण त्या दिवशी तुम्ही नुसतं 'तुझं चुकत नाहीये' म्हणाला असता तरी चाललं असतं." खरं, गोड, हिताचं, उद्वेग न करणारं. चारही खुणा असलेलं एक वाक्य माझ्याकडे तेव्हा होतं, आणि मी ते बोललो नाही.

आजची साधना: उद्या मीटिंगमध्ये कोणावर सगळे हसले तर आपण हसायचं नाही. जमलं तर म्हणायचं, "त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या." एवढंच. आणि ज्याच्यावर हसले त्याला नंतर जाऊन भेटायचं. गोष्ट सांगायला नाही, ऐकायला.

राम कृष्ण हरी.